चैत्र त्यांचा आणि आपला

श्रोतेहो, नमस्कार.

वाळवंटातल्या जत्रांविषयी बोलायचं तर सुरुवात माझ्या फजितीपासून करावी लागेल. आमच्या गल्लीतले किराणा दुकानदार शेठजी मूळचे मारवाडातले, बालोतऱ्याकडचे. मराठी तुमच्या-माझ्यासारखीच बोलतात, पण तिथी सांगताना जीभ गावाकडे वळते. एकदा मी म्हटलं, "शेठजी, तुमच्याकडची ती तिलवाड्याची गुरांची जत्रा बघायची आहे. कधी असते?" साखर मापता मापता ते म्हणाले, "चैत वद ग्यारसला सुरू होते, मास्तर. पंधरा दिवस असते. आरामात जा." ग्यारस म्हणजे एकादशी. घरी येऊन मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चैत्र वद्य एकादशी शोधली आणि तिकीट काढलं.

तिलवाड्याला पोचलो तर लूणी नदीच्या कोरड्या पात्रात चिटपाखरू नव्हतं. होते ते उपटलेल्या खुंट्यांचे खड्डे, चुलींची राख आणि उन्हात वाळून पापड झालेलं शेण. जत्रा उठून पंधरा दिवस झाले होते!

चूक माझीच. राजस्थानात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुद्ध पक्ष दोघांचा एकच. घोळ वद्य पक्षात होतो. आपला फाल्गुन वद्य तो त्यांचा चैत्र वद्य. म्हणजे ही जत्रा आपल्या पाडव्याच्या चार-पाच दिवस आधी भरते आणि रामनवमीनंतरच्या एकादशीला उठते. शेठजींना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले, की गिऱ्हाईक थांबून राहिलं.

पुढच्या वर्षी वेळेवर गेलो. ही जत्रा मल्लीनाथांच्या नावाची. ते चौदाव्या शतकातले राठोड सरदार, पुढे लोकदेवता झालेले. त्या मुलखाला मालाणी म्हणतात तेही त्यांच्याच नावावरून. त्यांचं देऊळ नदीकाठी आणि जत्रा नदीच्या पात्रात. पात्रातच का, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. मऊ, सपाट वाळू, हवी तेवढी जागा, आणि खाली पाणी. लूणी हे नावच लवणावरून आलेलं. बालोतऱ्याच्या पुढे तिचं पाणी खारट होत जातं. तरी जत्रेत वाळू उकरली की गोडं पाणी लागतं, आणि ती मल्लीनाथांची कृपा अशी लोकांची श्रद्धा आहे. मी ओंजळभर प्यायलो. गोड होतं.

थारपारकर गाई, कांकरेज बैल, उंट असं सगळं असतं, पण गर्दी मालाणी घोड्यांभोवती. या घोड्याचे कान बघावेत. दोन्ही कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, डोक्यावर कमान केल्यासारखी. घेणारा आधी कान बघतो, मग ओठ वर करून दात मोजतो, आणि मग बराच वेळ काहीच बोलत नाही. विकणाराही बोलत नाही. आपल्याकडे माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडेबाजार पाहिला असेल त्याला ही शांतता ओळखीची वाटेल.

माझ्या मते वाळवंटातल्या जत्रांचं पंचांग देवांपेक्षा जनावरांनी ठरवलेलं आहे. चैत्रानंतर उन्हाळा. वैरण नाही, पाणी नाही. जे जनावर पोसणं झेपणार नाही ते आधीच विकलेलं बरं. कार्तिकात याच्या उलट: बाजरी घरात आलेली, जनावरं पावसाळी गवतावर धष्टपुष्ट झालेली. तेव्हा पुष्कर भरतं. शुद्ध एकादशी ते पौर्णिमा हे तिथलं स्नानाचं पर्व, पण व्यापार त्याच्या आधीच सुरू झालेला असतो.

भाद्रपदाची गोष्ट मात्र वेगळी. तेव्हा तळी भरलेली असतात आणि माणसं चालायला लागतात. पोकरणजवळच्या रामदेवऱ्याला, म्हणजे जुन्या रुणिच्याला. रामदेवबाबा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोण आलं ते मला कळलं, ते नव्हेत. हे मध्ययुगातले तंवर राजपूत, हिंदूंचे बाबा आणि मुसलमानांचे रामसा पीर. मक्केहून पाच पीर त्यांची परीक्षा घ्यायला आले, अशी कथा आहे. जेवायला बसल्यावर म्हणाले, आम्ही आमच्याच वाडग्यांत जेवतो आणि वाडगे राहिले मक्केत. रामदेवांनी हात लांब केला आणि पाची वाडगे समोर ठेवले. समाधीशेजारी त्यांच्या मेघवाळ भक्त डालीबाईंची समाधी आहे. आजचं देऊळ बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी 1931 साली बांधलं.

भाद्रपद शुद्ध बीज, म्हणजे आपल्या गणपतीच्या दोन दिवस आधी, हा मोठा दिवस. ऐन खरेदीच्या गर्दीत आमचे शेठजी दुकान मुलावर सोडून निघतात ते यासाठी. नवस फेडायला तिथे कापडाचा घोडा वाहतात. एकाच्या खांद्यावर मी पाहिला: पांढरा, चिंध्या ठासून भरलेला, काठाला चमकी गोट, एक डोळा दुसऱ्याहून जरा वर शिवलेला. लहानपणी रामदेवांनी घोड्याचा हट्ट धरला, तेव्हा शिंप्याने घरच्यांनी दिलेलं नवं कापड लपवून आत जुन्या चिंध्या कोंबल्या. घोडा मुलाला घेऊन उडाला आणि शिंपी कैदेत गेला. चोरी कबूल केल्यावर सुटला म्हणे. रात्री जम्मा, म्हणजे भजनाचं जागरण. त्यात कामड समाजातल्या बायका बसून तेरहताली नाचतात. अंगावर तेरा मंजिऱ्या, म्हणजे छोट्या झांजा, बहुतेक पायाला बांधलेल्या, आणि हातातली मंजिरी दोरीने फिरवत एकेक वाजवायची. पायाकडे बघावं की हाताकडे, हेच कळत नाही.

उंटाचं बोलायला हवं. राईका, म्हणजे तिथले उंट पाळणारे लोक, त्याच्या अंगावरचे केस कातरून नक्षी काढतात, कवड्यांचा गोरबंद गळ्यात घालतात. हे सगळं आता मुख्यतः फोटोपुरतं उरत चाललंय. 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे 4 लाख उंट होते, 2019 च्या गणनेत अडीच लाख. 2014 मध्ये उंट राजस्थानचा राज्यपशू झाला; 2015 मध्ये त्याची कत्तल रोखणारा आणि राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घालणारा कायदा आला. हेतू चांगला होता, पण बाहेरचं गिऱ्हाईकच तुटलं, तर राईकाने उंट पाळावा कशाला?

जैसलमेरचा मरुमहोत्सव पर्यटन खात्याचा, 1979 पासूनचा. माघात मिशांच्या नि पगडी बांधायच्या स्पर्धा. मजा येते, बघा जरूर. पण माझं मन जैसलमेरच्याच दुसऱ्या मिरवणुकीत अडकलंय.

होळीनंतर मारवाडातल्या मुली गणगौर पुजतात. चैत्र शुद्ध तृतीयेला ईसर आणि गवर, म्हणजे शंकर-पार्वती, यांची सवारी निघते. त्यांची गौर निघते त्याच दिवशी आपली चैत्रगौर बसते, आंब्याची डाळ आणि पन्ह्यासह. जैसलमेरला मात्र सवारी एक दिवस उशिरा, चतुर्थीला निघते, आणि गवर एकटीच असते. तिचा ईसर जुन्या वैरात बिकानेरवाल्यांनी पळवून नेला, असं तिथले लोक सांगतात. त्याच्या जागी दुसरा कोणी बसवला नाही. दागिने घातलेली गवर दर चैत्रात किल्ल्यातून निघते आणि तशीच परत जाते.

नमस्कार.