प्रवाळ मेलं, पण पाणी कसं आहे?

प्रवाळाजवळची चिमूटभर वाळू भिंगाखाली पाहा. त्यातले बरेच दाणे खडकाचे नसतात, फोरामिनिफेरांची कवचं असतात. हे एकपेशीय जीव. अँफिस्टेजिना मोहरीच्या दाण्याएवढी, पण तिच्या पेशीत डायटम (सूक्ष्म शैवाल) नांदतात आणि उजेडात तिच्यासाठी अन्न करतात. हा संसार स्वच्छ, पोषकद्रव्यं कमी असलेल्या पाण्यातच परवडतो. सांडपाणी आलं की पाणी हिरवट होतं, तळाशी उजेड पोचत नाही, खाणं मात्र सगळीकडे मिळतं. मग आयतं अन्न खाणाऱ्या लहान, परपोषी प्रजाती वाढतात. ऑक्सिजनही घटला की तग धरणाऱ्या अमोनिया (हा फोरामिनिफेरांचा वंश, वायू नव्हे) आणि एल्फिडियम यांचं राज्य.

सागरशास्त्रज्ञ पामेला हॅलॉक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यावरून फोराम निर्देशांक मांडला. डायटमसारखे सहजीवी बाळगणाऱ्यांचं प्रमाण गुणिले १०, तग धरणाऱ्यांचं गुणिले १, उरलेल्या लहानांचं गुणिले २, आणि बेरीज. समजा २०० कवचांत ३०, ६० आणि ११० निघाली: १.५ अधिक ०.३ अधिक १.१, म्हणजे २.९. चारच्या वर पाणी प्रवाळवाढीला योग्य, दोनच्या खाली अयोग्य, २.९ काठावरचं.

गणित सोपं आहे, चूक होते ती वेचताना. वरचा एक-दोन सेंटिमीटर गाळ घ्या, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवा, वाळवा. मग थोडा भाग काळ्या ताटलीत पसरून त्यातलं प्रत्येक कवच ओल्या बारीक ब्रशने उचला. नजर आधी मोठ्या, देखण्या कवचांवर जाते आणि ती सहजीवीवालीच असतात. दीडशे झाली म्हणून मध्येच थांबलात तर निर्देशांक फुगलाच म्हणून समजा. घेतलेला भाग संपवायचाच. झिजलेली, तपकिरी, गुळगुळीत कवचं सोडा. ती जुन्या काळातून वाहून आलेली असतात. नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवणार असाल तर बोरॅक्स घाला, नाहीतर आम्लाने कवचंच विरघळतात. जिवंत किती हेही हवं असेल तर एक लिटर अल्कोहोलात दोन ग्रॅम रोझ बेंगाल (पेशी गुलाबी करणारा रंग) घाला आणि नमुना त्यात किमान १४ दिवस ठेवा. तरी नुकत्याच मेलेल्या पेशीही गुलाबी होतात, हे ध्यानात असू द्या.

आता मूळ प्रश्न. प्रवाळ अनेक दशकं जगतं, हे जीव काही महिने ते एक-दोन वर्षं. म्हणून वादळाने किंवा उष्णतेने प्रवाळ मेलं आणि निर्देशांक तरी वरच राहिला, तर पाणी अजून चांगलं आहे. नवं प्रवाळ रुजायला वाव आहे. दोन्ही घसरले असतील तर दोष पाण्यात शोधा.

मालवणला मात्र जपून. हा निर्देशांक पश्चिम अटलांटिकमधल्या प्रवाळांवरून बसवलेला आहे, आणि आपल्याकडे पावसाळ्यात पाणी मुळातच गढूळ. आकडा कमी आला म्हणून लगेच प्रदूषण ठरवू नका. त्याच जागी नळी उभी घुसवून गाळ काढा आणि खालच्या, म्हणजे जुन्या, थरांशी ताडून पाहा. वरचे काही सेंटिमीटर कुरल्या आणि किडे ढवळत असतात, तेवढा भाग एकच थर म्हणून मोजा.