तोंड बंद केलेली भांडी : तोशिको ताकाएझू

नमस्कार मंडळी! स्क्रीनवर दिसतंय ते मातीचं भांडं आहे, पण यात ना पाणी भरता येईल, ना फुलं ठेवता येतील. याला तोंडच नाही.

हे काम तोशिको ताकाएझू यांचं. जन्म १९२२ चा, हवाईतल्या पेपीकेओ गावचा. आईवडील जपानहून आलेले, घरात ११ भावंडं. मातीकाम होनोलुलूत सुरू झालं, मग मिशिगनच्या क्रॅनब्रुक अकादमीत माया ग्रोटेल यांच्या हाताखाली शिकल्या आणि १९५५ मध्ये जपानला गेल्या. तिथे झेन आणि चहाविधी यांचा अभ्यास केला.

त्यानंतर काही वर्षांतच त्यांच्या भांड्यांची तोंडं अरुंद होत गेली आणि शेवटी मिटली. त्याच काळात अमेरिकेतले दुसरे मातीकाम करणारे कलाकार पीटर वोल्कोस मातीला चिरत, फाडत होते. गाजावाजा त्यांचाच जास्त झाला. मला विचाराल तर ताकाएझूंचं धाडस तेवढंच मोठं, फक्त आरडाओरडा नाही.

आता जरा जवळून बघा. अगदी वर, टोकाला, बारीकसं भोक आहे. ते शोभेचं नाही. भट्टीत आतली हवा तापून फुगते, तिला वाट नसेल तर भांडं फुटू शकतं. आणि तोंड बंद करण्याआधी त्या आत मातीची छोटी गोळी टाकायच्या, कागदात गुंडाळून. कागद कशाला? गोळी आतल्या ओल्या भिंतीला चिकटू नये म्हणून. भट्टीत कागद जळून जातो, गोळी भाजून सुटी राहते. भांडं हलवलं की खुळखुळतं! बघणाऱ्याला जे कधीच दिसणार नाही, त्याची अशी खबर मिळते.

बाहेरची बाजू म्हणजे त्यांचा कॅनव्हास. भांड्याभोवती फिरत फिरत ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, ओतायचं, ब्रशने फटकारे मारायचे. त्यामुळे याला पुढची-मागची बाजू नाही. एका फोटोत हे काम मावत नाही, आपणच भोवती फिरायचं.

१९६७ ते १९९२ त्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवलं. 'स्टार सिरीज'मधली कामं तर माणसाच्या उंचीची आहेत. २०११ मध्ये त्या गेल्या.

संग्रहालयांत या भांड्यांना हात लावू देत नाहीत, म्हणजे निम्मं काम ऐकायचं राहूनच जातं. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या नोगुची म्युझियमने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा आयोजकांत लैलेहुआ लांझिलोटी ही संगीतकारही होती. हे मला फार पटलं. तेव्हा त्यांच्या कामाचे व्हिडिओ शोधाल तर कृपा करून म्यूटवर बघू नका.