साडेसहाची घंटा

[दृश्य: मुंबईतली शाळा. दिवसाची मुलं बाहेर पडतायत, फाटकातून मोठी मुलं आत येतायत.]

दिवसाची शाळा सुटली की मुंबईतल्या काही इमारतींत दुसरी शाळा भरते. साधारण साडेसहा ते साडेनऊ. कुणी कुरिअरची पिशवी खांद्यावरून उतरवत येतं, कुणी धुणीभांडी आटोपून. ही रात्रशाळा.

[दृश्य: वर्ग. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता.]

बाकं लहान मुलांच्या मापाची. वीस वर्षांचा तरुण गुडघे आडवे करून बसतो आणि वही मांडीवर घेतो, कारण गुडघे बाकाखाली मावतच नाहीत. पुस्तकं बालभारतीचीच, परीक्षा राज्य मंडळाचीच, पेपरही तोच. वेळ मात्र दिवसाच्या शाळेपेक्षा कितीतरी कमी.

या मुलांना ‘ढ’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण नापास होण्याआधी काय घडलं, ते विचारा. वडील आजारी पडले, घरभाडं थकलं, मुलगा कामाला लागला. सकाळी अकराला त्याला वर्गात बसता येईना, आणि शाळेची वेळ काही बदलेना. गणित राहिलं ते तिथं.

[दृश्य: गुणपत्रिका. गणितासमोर 35 च्या खालचा आकडा.]

दहावीत एकदोन विषय राहिले, तरी बाकीच्या विषयांतली मेहनत वाया जात नाही. उत्तीर्ण विषयांचे गुण शाबूत राहतात, राहिलेलाच पेपर पुन्हा द्यायचा. एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन, अकरावीला बसता येतं. बारावीत जाण्याआधी विषय सोडवावा लागतो. 2015 पासून मार्चच्या निकालानंतर त्याच वर्षी फेरपरीक्षाही होऊ लागली. आधी ऑक्टोबरची वाट पाहावी लागे. कामावर जाणाऱ्या मुलाच्या हातून पुस्तक सुटायला तेवढे महिने पुरतात.

परीक्षा पुन्हा देता येते, हे झालं. पण शिकवणार कोण, आणि किती वाजता? रात्रशाळेचं मोल इथे आहे.

[दृश्य: गिरणगावातल्या जुन्या चाळी.]

ही वाट आपल्याकडे जुनी आहे. 1855 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. पुढे मुंबईच्या गिरणगावात पाळी संपवून कामगार अशाच वर्गांत बसले.

आज त्याच शाळांची आबाळ होते, याचं वाईट वाटतं. प्रयोगशाळा असते, पण दिवसाच्या शाळेची, आणि पुष्कळदा कुलपात. 2017 मध्ये दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांना रात्रशाळेतून कमी करण्याचा निर्णय झाला. एका माणसाला दोन पगार नकोत, हा मुद्दा समजू शकतो. पण वर्षानुवर्षं त्याच मुलांना शिकवलेले शिक्षक गेले, त्याचा फटका वर्गाला बसला. ‘मासूम’सारखी संस्था 2008 पासून या शाळांच्या पाठीशी उभी आहे. शासनाने कुलूप उघडून द्यावं, रात्रीसाठी पूर्णवेळ शिक्षक द्यावेत. मागणी एवढीच.

[दृश्य: विज्ञानाचा तास. मुलगी मेणबत्तीवर परीक्षानळी धरते.]

रात्रशाळा जवळ नसेल, तर 17 नंबरचा, म्हणजे खासगी विद्यार्थ्यांसाठीचा, फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतही (एनआयओएस) नाव घालता येतं: तिथे पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि आधी उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण सोबत नेता येतात.

[दृश्य: शाळेचं कार्यालय, संध्याकाळ.]

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर शाळा सोडल्याचा दाखला आणि जुनी गुणपत्रिका घेऊन त्याला जवळच्या रात्रशाळेत पाठवा. संध्याकाळी जायला सांगा. मुख्याध्यापक तेव्हाच भेटतात.