माईकचं तोंड कोणाकडे?

नमस्कार मंडळी. आजचा विषय ऐकून काही जण लगेच स्टेशन बदलतील, शहराचा विकास आराखडा आणि त्यावर नागरिकांची मतं. पण थांबा जरा, यात पोलीस आहेत, अटक आहे, आणि स्टेजवर झालेला मोठा राडा पण आहे.

आधी मुद्द्याचं उरकून घेतो. पुढच्या वीसेक वर्षांत रस्ता कुठून जाणार, शाळेला जागा कुठली, मैदान मैदानच राहणार का, हे नकाशावर ठरतं. मग तो नकाशा लोकांपुढे ठेवून हरकती-सूचना मागवतात. आणि घोळ होतो तो इथेच, कारण विचारतात कधी, तर रेघ मारून झाल्यावर. पुन्हा सांगतो, रेघ मारून झाल्यावर! मग लोक चिडणार नाहीत तर काय.

आता गोष्ट ऐका. एप्रिल १९६८, न्यूयॉर्क. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडे, भर वस्तीतून दहा पदरी एक्स्प्रेसवे काढायचा बेत होता, रॉबर्ट मोझेस नावाच्या बड्या अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं रेटलेला, आणि त्यात सुमारे २००० कुटुंबांची घरं जाणार होती. एका शाळेच्या हॉलमध्ये जाहीर सुनावणी ठेवली. तिथे जेन जेकब्स आल्या, शहरांवर लिहिणाऱ्या बाई, वय ५१, नगररचनेची डिग्री वगैरे काही नाही हं. हॉलमध्ये त्यांच्या काय लक्षात आलं, तर बोलायचा माईक अधिकाऱ्यांकडे नाहीच, लोकांकडे तोंड करून ठेवलाय. म्हणजे जो बोलायला उभा राहील त्याची पाठ साहेबांकडे! लोकांनी लोकांनाच गाऱ्हाणं सांगायचं आणि साहेबांनी मागून ऐकल्यासारखं करायचं.

बाईंनी हे सरळ माईकवरच बोलून दाखवलं. आणि मग म्हणाल्या चला, निदान स्टेजवरून चालत तरी जाऊया, आणि निघाल्या, मागोमाग बरेच लोक. स्टेजवर एक स्टेनोग्राफर मशीनवर सगळं टिपत बसली होती, ती बिचारी घाबरली, मशीन छातीशी धरून उठली आणि आतली कागदाची पट्टी सुटून खाली पसरली. झालं, लोकांनी ती उचलली, फाडली, हवेत उडवली. बाईंचा युक्तिवाद बघा काय भारी, नोंदच राहिली नाही ना, मग सुनावणी झालीच नाही! पोलिसांनी अर्थातच पकडून नेलं, दंगलीला चिथावणी दिल्याचा आरोपसुद्धा ठेवला, तो पुढे सौम्य केला. पण पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, शहराने तो रस्ता गुंडाळला. आज सोहो म्हणून जो भाग फोटोत दिसतो ना, बिडाच्या देखण्या इमारतींचा, तो याच रस्त्याच्या वाटेत येत होता.

म्हणून मी कुठलीही सुनावणी म्हटली की दोनच गोष्टी बघतो. माईक कोणाकडे आणि नोंद कोण घेतंय. माईक आणि नोंद.

तिसरी गोष्ट, आलंय कोण. कामाच्या दिवशी भर दुपारी मीटिंग ठेवली की रिटायर झालेली मंडळीच जमणार, त्यांचं मत हवंच, पण शाळकरी पोरी कुठायत? व्हिएन्नात १९९० च्या दशकात पाहणी केली तेव्हा कळलं की साधारण नऊ वर्षांच्या पुढे मुली बागेत दिसेनाशाच होतात. मोकळी जागा एकच, ती फुटबॉलवाल्या मुलांनी बळकावलेली. मग काही बागांमध्ये जागेचे भाग पाडले, पायवाटा वाढवल्या, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलची सोय केली आणि मुली परत यायला लागल्या. बागेवरून आठवलं, ते बिनपाठीचे बाक कोण डिझाईन करतं हो? त्या माणसाला तासभर त्याच्यावरच बसवायला हवं. असो.

तुमच्या शहरात हरकती मागवल्या तर ‘वाहतूक सुधारावी’ असं मोघम लिहू नका, त्याचं कोणी काही करू शकत नाही. कुठला चौक, किती वाजता, कोणाला रस्ता ओलांडता येत नाही, ते लिहा, जमलं तर हाताने नकाशा काढून जोडा. तोंडी सांगून घरी येऊ नका, लेखी द्या. लेखी द्या, आणि सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.