पिलाताचा दगड, खानापूरची खापरं

(खानापूर तालुक्यातल्या एका मंडळीच्या सभेत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

आदरणीय पाळकसाहेब, वडीलधारी मंडळी आणि तरुण मित्रांनो,

गेल्या नाताळात पुतण्या घरी आला होता. इंजिनिअरिंग शिकतो. जेवणं झाल्यावर अंगणात बसलो होतो, तेव्हा म्हणाला, "काका, मी चर्चला येतो, प्रार्थना बी करतो. खरं हे सगळं मागनं कुणीतरी रचून लिहिलं नाही कशावरनं?" मी रागावलो नाही. त्याच्या वयाचा असताना मीही हेच विचारलं होतं, आणि "शंका घेऊ नये" एवढंच उत्तर मिळालं होतं. त्याने शंका गेली नाही. मी विचारायचं सोडलं, इतकंच. आज बोलतोय ते त्या पोरासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी.

आपण विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली, म्हणतो. त्यात प्रभूखेरीज दोनच माणसांची नावं येतात. एक मरीया. दुसरा पंतय पिलात. आईचं नाव समजू शकतं, पण येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या एका रोमी सुभेदाराचं नाव आपण उपासनेत का घेतो? कारण ते नाव म्हणजे तारीख आहे. अमक्या प्रांतात, अमक्या अधिकाऱ्याच्या अमदानीत हे घडलं, असं आपला विश्वास ठासून सांगतो. ज्याला गोष्ट रचायची आहे तो "फार फार वर्षांपूर्वी" असं म्हणून मोकळा होतो.

१९६१ साली इस्राएलमधल्या समुद्रकाठच्या कैसरियात इटालियन पुरातत्त्वज्ञ रोमन नाट्यगृह उकरत होते. तिथल्या एका जिन्यात पायरी म्हणून एक दगड बसवलेला होता. तो उलटवला तर आतल्या बाजूला लॅटिन अक्षरं. डावीकडची बरीचशी तासून गेलेली, पण उरलेली वाचता येण्याजोगी: सम्राट तिबिर्य याच्या मानार्थ बांधलेली वास्तू, आणि बांधणारा पिलात, यहूदीयाचा अधिकारी. तोवर पिलात आपल्याला शुभवर्तमानांतून आणि जोसेफस, फिलो, टॅसिटस या प्राचीन लेखकांच्या लिखाणातून माहीत होता. त्याच्या हयातीत कोरलेला त्याच्या नावाचा लेख पहिल्यांदाच हाती आला.

तुमच्यातल्या किती जणांनी ओढ्यावर धुणं धुवायचा दगड उलटवून पाहिलाय? आमच्या गावात एका दगडावर बायका पिढ्यान्‌पिढ्या कपडे आपटायच्या. एका पावसाळ्यात काठ खचला, दगड पालथा पडला आणि खालून वीरगळ निघाला: हातात तलवार घेतलेला वीर आणि वर चंद्र-सूर्य. त्यामुळे कैसरियाची पायरी मला परकी वाटत नाही. आपण हलशीच्या शेजारची माणसं. तिथल्या कदंब राजांनी जैन वसतींना, म्हणजे मंदिरांना, दिलेल्या दानांचे ताम्रपट सुमारे चौदाशे वर्षांनंतर वाचले गेले. जमिनीत पडलेली अक्षरं बोलतात, हे या भागातल्या माणसाला पटवून द्यावं लागत नाही.

त्याच पिलाताचा दुसरा पुरावा इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयात आहे. पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा, एक कपटा, आपल्या आधार कार्डापेक्षा जेमतेम मोठा. १९२० साली इजिप्तमध्ये विकत घेतलेल्या गठ्ठ्यात तो होता. त्यावर काय आहे हे १९३४ मध्ये ओळखलं गेलं. योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय, येशू पिलातासमोर उभा आहे तो प्रसंग. बहुतेक अभ्यासक हा तुकडा दुसऱ्या शतकातला मानतात. लिहिलेलं दोन्ही बाजूंना आहे, म्हणजे ही गुंडाळी नव्हती, पानं उलटायचं पुस्तक होतं. मागच्या बाजूच्या ओळी पिलाताच्या त्या प्रश्नाच्या जागेच्या आहेत: सत्य काय आहे? प्रश्नाचे शब्द मात्र फाटून गेलेल्या भागात गेले. विचारणाऱ्याचं नाव दगडावर, तो प्रसंग कागदावर, आणि दोन्ही वेगवेगळ्या देशांच्या मातीतून वर आलेलं. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता खापरांकडे येतो. १९४७च्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरानच्या कड्यांत एका बेदुईन (वाळवंटात भटकणाऱ्या अरब टोळीतल्या) मेंढपाळाने गुहेच्या तोंडातून आत दगड भिरकावला आणि मडकं फुटल्याचा आवाज आला. मडकी घडवणाऱ्या खानापूरच्या माणसाला हा आवाज सांगायला नको. ती मडकी होती आणि त्यांत चामड्याच्या गुंडाळ्या. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची पूर्ण गुंडाळी त्यांतच मिळाली, सव्वासात मीटरहून लांब, ख्रिस्तापूर्वी शंभरएक वर्षं आधी लिहिलेली. तोवर यशयाची जी पूर्ण इब्री हस्तलिखितं हाताशी होती, ती हजारएक वर्षं अलीकडची होती.

म्हणजे परीक्षेची वेळ आली. हजार वर्षं हातांनी नकलून काढलेला मजकूर किती बिघडला असेल? फरक निघाले, आणि तेही पुष्कळ. बहुतेक शब्दलेखनाचे, व्याकरणाचे, एखादा शब्द कमी, एखादा जास्त. पण यशया तोच राहिला. एक फरक मात्र मला फार मोलाचा वाटतो. त्रेपन्नाव्या अध्यायात, दुःख सोसणाऱ्या सेवकाविषयीच्या अकराव्या वचनात, जुन्या गुंडाळीत "प्रकाश" हा शब्द आहे: तो दुःखानंतर प्रकाश पाहील. पुढच्या इब्री प्रतींत तो शब्द नाही, पण प्राचीन ग्रीक भाषांतरात होता. गुड फ्रायडेला हा अध्याय वाचताना माझ्या कानात तो शब्द असतो.

यरुशलेमच्या भुयाराविषयी थोडक्यात. हिज्कीया राजाने पाणी शहरात आणलं असं राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. ते भुयार सुमारे ५३३ मीटरचं, आजही त्यातून चालता येतं. १८८० साली त्याच्या भिंतीवर कोरलेला लेख सापडला. दोन्ही टोकांकडून खणत आलेले कामगार तीन हात खडक उरला असताना एकमेकांच्या हाका ऐकतात, असं त्यात लिहिलंय. राजाचं नाव त्यात नाही. बोलतात ते पाथरवट, आणि लांबी मोजतात आपल्या बायबलातल्यासारखीच, हातांनी.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. व्हॉट्सअॅपवर नोहाच्या तारवाचे, तांबड्या समुद्रातल्या रथाच्या चाकांचे फोटो फिरतात. कृपा करून ते पुढे पाठवू नका. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाने मोठी किंमत मोजून घेतलेले मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे १६ तुकडे २०२० मध्ये सगळेच्या सगळे बनावट ठरले. त्यांनी ते लपवलं नाही, जाहीर केलं. मला त्याचा अभिमान वाटतो. यरीहोच्या तटांच्या काळाचा वाद अजून मिटलेला नाही. मिसर देशातून बाहेर पडल्याचा थेट पुरावा आपल्या हातात नाही. पुतण्याला मी हेही सांगितलं. आणि "येशू मेलेल्यांतून उठला आहे" असं सांगणारा दगड कुणी खणून काढणार नाही. ती साक्ष बायकांनी दिली, कोळ्यांनी दिली, आणि आपल्याला ती माणसांकडूनच मिळाली. दगड एवढंच दाखवतात, की ती माणसं ज्या सुभेदाराचं, ज्या गावाचं, ज्या तळ्याचं नाव घेतात, ते खरोखर होतं.

शेवटी एक छोटी वस्तू. १९७९ साली यरुशलेमच्या हिन्नोम खोऱ्यातल्या एका थडग्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या मिळाल्या. आपल्याकडे लेकरांच्या गळ्यात ताईत बांधतात, तशा. फुटू न देता उलगडायला तीन वर्षं लागली. केसासारख्या बारीक रेघांनी त्यावर गणनाच्या सहाव्या अध्यायातला आशीर्वाद कोरलाय. काळ ख्रिस्तापूर्वी सुमारे सहाशे वर्षं, म्हणजे कुमरानच्या गुंडाळ्यांच्याही कितीतरी आधीचा. कुणीतरी तो गळ्यात घालत असेल, आणि तो त्याच्याबरोबरच पुरला गेला.

पाळकसाहेब, मी बसतो. आता तुम्ही आशीर्वाद द्या. शब्द तेच आहेत: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो.