मेंढा पारखताना

आटपाडी, जिल्हा सांगली. उत्तरेश्वराच्या कार्तिक यात्रेतला मेंढ्यांचा बाजार. बाकदार नाकाचे, लांब कानांचे हे माडग्याळी जातीचे मेंढे. जातिवंत मेंढ्याची बोली लाखांत जाते.

घेणाऱ्याचे हात बघा. आधी ओठ वर करून, वय कळावं म्हणून, दात बघतो. दोन दाती आहे की चार दाती? मग पाठीवरून हात फिरवतो, मागं जाऊन अंडकोष चाचपतो. दोन्ही सारखे, भरलेले हवेत. मेंढा चालवून पाय बघतो. धनगराची ही पारख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. रक्तात काय आहे, ते मात्र या हातांना लागत नाही.

निळ्या जिभेचा रोग, म्हणजे ब्लूटंग. विषाणूमुळे होतो, मेंढ्याला ताप येतो, तोंड सुजतं. भारतात त्याची पहिली नोंद आपल्या महाराष्ट्रातच झाली, १९६४ साली. पावसाळा सरता सरता चिलटं माजतात. ती आजारी जनावराला चावून मग धडधाकट जनावराला चावतात. रोग पसरतो तो मुख्यतः असाच. पण मेंढ्याच्या रक्तात विषाणू असेल, तर तो वीर्यातही उतरू शकतो. ताप गेला, तोंड बरं झालं, मेंढा चरायला लागला, तरी रक्त काही आठवडे साफ झालेलं नसतं. असा मेंढा कळपात सुटला, की वीस-पंचवीस माद्या त्याच्याकडून फळायच्या. शेजारच्या धनगरवाड्यानं मागितला, तर तिथंही तोच जाणार.

आता हे कृत्रिम रेतनासाठीचं वीर्य संकलन. कृत्रिम योनीत गरम पाणी भरलंय, आतलं तापमान चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान. मेंढा चढला, क्षणात उतरला. नळीत जेमतेम एक मिलिलिटर, सायीसारखं दाट. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतूंची हालचाल बघायची, पातळ करायचं, बारीक नळ्यांत भरायचं आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये सोडायचं, उणे १९६ अंशांवर. या थंडीत शुक्रजंतू टिकतात, तसा विषाणूही टिकतो. म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमांत, देशाबाहेर जाणाऱ्या वीर्यासाठी, ते देणाऱ्या नराच्या रक्ततपासणीची तरतूद आहे. पीसीआर, म्हणजे रक्तात विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, करायची, तर संकलन सुरू असेपर्यंत निदान दर २८ दिवसांनी.

नळीतून परदेशी जाणाऱ्या वीर्याला एवढा पहारा, आणि बाजारातून थेट वाड्यावर येणाऱ्या मेंढ्याला काहीच नाही. हे बदलायला हवं. मानेच्या शिरेतून काढलेलं एवढंसं रक्त तपासणीला पुरतं. तपासणी जमली नाही, तर नवा मेंढा ६० दिवस वेगळा, चिलटांपासून राखून बांधावा. या विषाणूच्या पाच प्रकारांवर चालणारी लसही देशात तयार झालेली आहे.

गाभण मेंढीला हा रोग झाला तर ती गाभडू शकते, नाहीतर कोकरू मेंदूतच अधू जन्मतं.

कार्तिक यात्रेत एवढे मेंढे एका जागी येतात. रक्ताचे नमुने घेणारं एक टेबल याच मैदानात, दावणींशेजारी लागायला हवं. सौदा ठरण्याआधी.