अ‍ॅल्विनचं काय झालं?

(दृश्य : हिवाळ्याच्या तोंडावरची उघडी शेतं. सांगाडा उभा राहिलेलं, अर्धवट लाकडी घर.)

नोव्हेंबर 1823. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात पाल्मायरा गावाजवळ स्मिथ नावाचं एक शेतकरी कुटुंब राहत होतं. थोरला मुलगा अ‍ॅल्विन 25 वर्षांचा. आईवडिलांचं म्हातारपण सुखात जावं म्हणून तो त्यांच्यासाठी नवं घर बांधत होता. एके दिवशी त्याच्या पोटात जोराची कळ आली. डॉक्टरांनी कॅलोमेल दिलं. हे पाऱ्याचं औषध त्या काळी सर्रास देत. चार दिवसांत अ‍ॅल्विन गेला.

अंत्यविधीला आलेल्या पाळकांनी प्रवचनात सुचवलं, की हा तरुण नरकात गेला असणार, कारण तो चर्चचा सभासद नव्हता. धाकटा भाऊ विल्यम याने ही आठवण पुढे सांगितली. वडिलांच्या मनाला तो घाव कायमचा लागला. पुढे मॉर्मन या ख्रिस्ती परंपरेतून निघालेल्या पंथाचा संस्थापक झालेला अ‍ॅल्विनचा भाऊ जोसेफ स्मिथ तेव्हा 17 वर्षांचा होता.

मॉर्मन लोकांची परलोकाची कल्पना समजून घ्यायची तर सुरुवात या घरातून करावी, असं मला मनापासून वाटतं. त्यांचं पुढचं सगळं तत्त्वज्ञान अ‍ॅल्विनच्या प्रश्नाभोवती वाढलं आहे. चांगला माणूस बाप्तिस्म्याविना, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या पाण्यातल्या विधीविना मेला, तर त्याच्या तारणाचं काय?

(दृश्य : ओहायोतलं हायरम गाव. शेतघराची माडी.)

मॉर्मन चर्चची स्थापना 6 एप्रिल 1830 रोजी झाली. फेब्रुवारी 1832 मध्ये हायरम इथे जोसेफ आणि त्याचा सहकारी सिडनी रिग्डन यांनी आपल्याला दर्शन झाल्याचं सांगितलं. एकीकडे स्वर्ग आणि दुसरीकडे नरक, अशी सरळ वाटणी त्यात नव्हती. तेजाची तीन राज्यं होती. सूर्यासारखं तेज असलेलं सिलेस्टियल, चंद्रासारखं टेरेस्ट्रियल आणि ताऱ्यांसारखं टेलेस्टियल. लबाड आणि व्यभिचारी माणसालाही आधी शिक्षा भोगून शेवटी ताऱ्यांचं राज्य मिळतं, आणि तेही माणसाच्या कल्पनेपलीकडे सुंदर आहे, असं हे दर्शन सांगतं. या तीन राज्यांबाहेरच्या अंधारात कायमचे राहणारे फार थोडे. सत्य पुरतं ओळखूनही जे देवाविरुद्ध उभे राहिले, तेवढेच. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत गावोगावी नरकाच्या अग्नीची प्रवचनं चालत होती. तिथे हे ऐकणाऱ्यांना केवढा धीर आला असेल! काहींना मात्र ते पचलं नाही.

मृत्यू आणि अंतिम न्याय यांच्या मधला काळ आत्मे आत्म्यांच्या जगात काढतात. नीतिमान विसाव्याच्या जागी असतात, बाकीचे एका प्रकारच्या कैदेत. पण त्या कैदेतही शिकवण पोहोचते, पश्चात्ताप करता येतो.

21 जानेवारी 1836 रोजी ओहायोतल्याच कर्टलंडच्या मंदिरात जोसेफने सांगितलं, की सिलेस्टियल राज्यात मला अ‍ॅल्विन दिसला. भाऊ जाऊन बारा वर्षं झाली होती. ज्यांना संधी मिळाली असती तर ज्यांनी शिकवण स्वीकारली असती, त्या सगळ्यांना तिथे जागा आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्याच दर्शनात आणखी एक आश्वासन होतं. समज येण्यापूर्वी गेलेली सगळी मुलं तिथेच जातात. समजेचं वय मॉर्मन आठ वर्षं मानतात. जोसेफ आणि त्याची पत्नी एमा यांनी स्वतःची अनेक तान्ही मुलं पुरली होती. हे वाक्य वाचताना ते विसरता येत नाही.

(दृश्य : मिसिसिपी नदी, नॉवूचा काठ.)

एक अडचण उरलीच. बाप्तिस्मा पाण्यात होतो, आणि पाण्यात उतरायला देह लागतो. 15 ऑगस्ट 1840 रोजी इलिनॉयमधल्या नॉवू गावी एका अंत्यविधीत जोसेफने यावर तोड सांगितली. बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा उल्लेख येतो. त्याचा आधार घेऊन तो म्हणाला, जिवंत माणूस मृताच्या वतीने पाण्यात उतरू शकतो. ऐकणाऱ्यांत जेन नेमन ही विधवा होती. तिचा मुलगा सायरस बाप्तिस्म्याविना गेला होता. सप्टेंबरमध्ये ती त्याच्यासाठी मिसिसिपीत उतरली. व्हिएना जॅक्स नावाची दुसरी स्त्री घोड्यावरून नदीत शिरली, विधीचे शब्द नीट ऐकू यावेत आणि साक्ष देता यावी म्हणून. अ‍ॅल्विनसाठी त्याचा भाऊ हायरम पाण्यात उतरला.

मग लोक हौसेने नदीवर येऊ लागले. नोंदी मात्र धड राहिल्या नाहीत. 1842 मध्ये जोसेफने बजावलं, की नोंद करणारा हजर हवाच. पृथ्वीवर जे लिहिलं जाईल तेच स्वर्गात लिहिलं जाईल. 1844 मध्ये जमावाने तुरुंगात शिरून त्याला आणि हायरमला ठार केलं, पण ही शिकवण अनुयायांबरोबर युटाच्या वाळवंटापर्यंत गेली.

(दृश्य : डोंगराच्या पोटातले बोगदे. कपाटांच्या रांगा.)

सॉल्ट लेक सिटीजवळच्या लिटल कॉटनवुड खोऱ्यातून दगड आणून तिथलं मंदिर बांधलं गेलं. 1853 ते 1893, चाळीस वर्षं काम चाललं. 1960 च्या दशकात त्याच खोऱ्यातल्या डोंगरात चर्चने बोगदे खणले आणि मायक्रोफिल्मची सुमारे 24 लाख रिळं ठेवली. जन्म, लग्न, दफन, जहाजांच्या याद्या. जगभरच्या मेलेल्यांची नावं.

त्या चित्रीकरणात आपल्याकडच्याही वह्या आल्या. हरिद्वारच्या पंड्यांच्या वंशावळ्या चर्चच्या युटातल्या वंशावळ संस्थेने फिल्मवर घेतल्या. नाशिक-त्र्यंबकला उपाध्यांनी गाव आणि आडनाव विचारून चोपडी काढलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. फरक एवढाच, की श्राद्धात आपण पिता, पितामह, प्रपितामह असे तीन पिढ्या मागे जातो. मॉर्मनांना थेट आदिपुरुषापर्यंत साखळी जोडायची आहे. नुसत्या बाप्तिस्म्यावर ते थांबत नाहीत. मंदिरात पतीपत्नी आणि मुलं अनंतकाळासाठी एकमेकांशी जोडली जातात. सिलेस्टियलच्या सर्वांत वरच्या पायरीवर एकटं जाता येत नाही, असं ते मानतात.

आणि इथेच दुखतं. नाव कुणाचं? छळछावण्यांत ज्यू म्हणून मारल्या गेलेल्यांसाठीही असे बाप्तिस्मे झाले. वारसांच्या संतापानंतर 1995 मध्ये चर्चने ते थांबवण्याचं मान्य केलं, तरी 2012 मध्ये अ‍ॅन फ्रँकचं नाव पुन्हा आलं. त्याच वर्षी महात्मा गांधींच्या नावेही विधी झाल्याच्या बातम्या आल्या. चर्चचा नियम सांगतो, की फक्त आपल्या पूर्वजांची नावं द्यावीत. प्रेमाने दिलेली भेटही न विचारता गळ्यात घातली की जखम करते, आणि वारसांचा हा राग मला पूर्ण रास्त वाटतो.

दुसरं दुखणं घरातलंच. जेन मॅनिंग जेम्स ही कृष्णवर्णीय स्त्री कनेक्टिकटहून बराच प्रवास पायी करून नॉवूला आली, पुढे युटात राहिली. तिला मंदिरातले वरचे विधी हवे होते. वर्षानुवर्षं ती अर्ज करत राहिली. 1894 मध्ये तिला जोसेफ स्मिथच्या कुटुंबाशी जोडलं, पण सेविका म्हणून, आणि त्या विधीलाही तिला आत घेतलं नाही. कृष्णवर्णीयांना हे विधी नाकारणारी वंशाची ही बंदी जून 1978 मध्ये उठली. जेन 1908 मध्येच गेली होती. 1979 मध्ये तिच्या वतीने दुसरी स्त्री मंदिरात उभी राहिली.

(दृश्य : बारा बैलांच्या पाठीवर तोललेला बाप्तिस्म्याचा हौद. पांढरे कपडे घातलेली मुलं.)

आज बारा वर्षांची होत आलेली मुलं या पाण्यात उतरतात. मृताचं नाव वाचलं जातं, मुलगी क्षणभर पूर्ण बुडते, वर येते. त्या आत्म्यावर सक्ती नाही, स्वीकारावं की नाकारावं हे त्याचं त्याने ठरवायचं, अशी चर्चची शिकवण आहे. नोंदीत तारीख आणि मंदिराचं नाव चढतं. पलीकडून आलेल्या उत्तराचा रकाना तिथे नाही.

मुलगी डोळ्यांवरचं पाणी पुसते. पुढचं नाव वाचलं जातं.